घंगाळात उभी मुलगी

बारामती, ३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी नीट सांगत नाही, असं तू रविवारी म्हणालीस. दोन्ही खरं आहे. म्हणून हे पत्र. युनूसभाईंची पावाची गाडी रोज सकाळी माझ्या खोलीखालून भवानीनगरला निघते. पत्रं नेण्या-आणण्याचं त्यांनी कबूल केलं आहे. त्यांच्या मुनिराला पहिलीत तू शिकवलंस, त्यामुळे आभार मानू नयेत असं त्यांचं म्हणणं आहे.

कामाचं सांगते. पुण्याची कंपनी पाच जुन्या चित्रपुस्तकांच्या फिल्म करते आहे, त्यात तुझ्या 'घंगाळातून आजोळी'चा नंबर दुसरा. बारा मिनिटांची होईल. सांगवीला नेट टिकत नाही म्हणून मी बारामतीत खोली घेतली, हे तुला माहीत आहे. पण इथे बसून मी नक्की काय करते ते तू कधी विचारलं नाहीस. माझ्याकडे फिल्ममधलं पाणी आहे. कालव्याचं पाणी, त्याच्या लाटा, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तू. वस्तूचं वजन आणि माप दिलं की ती पाण्यात कशी वागेल हे संगणक काढून देतो.

आता एक प्रश्न. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कपाटातलं पुस्तक घे, असं तू म्हणाली होतीस. ती प्रत फाटलेली आणि रंग उडालेली होती. म्हणून मी ट्रंकेतली, पांढऱ्या फडक्यात बांधलेली १९८७ ची प्रत काढली आणि ती स्कॅन करून कंपनीला दिली. तुझ्या डोळ्याला पट्टी होती, विचारलं नाही. काल दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या. पंधरा पानं सारखी आहेत. अकरावं पान वेगळं आहे. पहिल्या आवृत्तीत गोष्टीतली बकुळा पाण्यावर घंगाळात उभी आहे, दोन्ही हात वर. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती बसली आहे, घंगाळाच्या कडीला दोर बांधला आहे आणि काठावरून आजोबांनी तो धरला आहे. हा बदल का केलास? मला नोंदीसाठी हवं आहे.

औषधाचे थेंब वेळेवर घाल. तुझी माया आहे तिथेच असू दे.

तुझी,
नंदिनी


भवानीनगर, ५ मार्च

चि. नंदिनीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळालं. त्याला पावाचा वास येत होता. 'नोंदीसाठी हवं आहे' असं आत्याला लिहितात होय ग? तलाठीसुद्धा आधी खाली टेकतो, पाणी पितो आणि मग विचारतो.

डोळा बरा आहे. इतका बरा की विजयच्या डोक्यावरचं टक्कल मी पहिल्यांदा नीट पाहिलं आणि तो माझा मुलगा आहे यावर क्षणभर विश्वास बसेना. तो कारखान्यातून आला की सोनमला पाढे म्हणायला बसवतो आणि स्वतः घोरतो. सोनमला नववं लागलं. तुझी आत्या काय करते, असं शाळेत बाईंनी विचारलं तर म्हणाली, बारामतीत पाणी बनवते. बाईंनी मला रस्त्यात थांबवून विचारलं की भाचीचा बाटल्यांचा धंदा कसा चालला आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर सोपं आहे. छापखान्यात त्या पानाचा ठोकळा हरवला, म्हणून मी चित्र पुन्हा काढून दिलं. ट्रंकेतलं पुस्तक मात्र फडक्यासकट परत पाठव. ते कुणी काढायचं नव्हतं. आणि फिल्म कपाटातल्या पुस्तकाप्रमाणं करा. बसलेली मुलगी, दोर धरलेले आजोबा. हे तुझ्या साहेबांना सांग. विसरू नकोस.

जेवणाची आबाळ करू नकोस. माझा निम्मा जीव बारामतीत असतो हे ध्यानात ठेवून राहा.

तुझी,
द्वारका आत्या


बारामती, ११ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पुस्तक फडक्यासह युनूसभाईंकडे दिलं आहे. फडक्यात जे होतं ते सगळं आहे.

आमचे दिग्दर्शक नईम सर, त्यांच्याशी मी बोलले. माणूस सज्जन आहे, तुझं पुस्तक त्यांनी लहानपणी वाचलेलं आहे आणि तुझ्याबद्दल आदरानेच बोलतात. पण त्यांचं म्हणणं असं की अभिजात पुस्तक पडद्यावर आणायचं तर पहिली आवृत्तीच प्रमाण. शिवाय घंगाळात हात वर करून उभी राहिलेली मुलगी हाच फिल्मचा चेहरा आहे. पोस्टरवर तीच आहे, पाडव्याला येणाऱ्या ट्रेलरमध्येही तीच. बसलेली मुलगी पडद्यावर नुसतं डोकं दिसते, असं ते म्हणाले.

करारात एक कलम आहे. लेखिकेला एखाद्या दृश्याला हरकत घेता येते. ती लेखी हवी, कारणासह हवी आणि १० एप्रिलच्या आत हवी. चित्र आवडत नाही हे कारण चालणार नाही, कारण चित्र तुझंच आहे.

ठोकळ्याबद्दल. ठोकळा हरवला असता तर तू तेच चित्र पुन्हा काढलं असतंस. तू मुलीला बसवलंस, दोर बांधलास, एक माणूस आणून उभा केलास. तू मला खरं सांगत नाहीस, असं माझं मत झालं आहे. राग मानू नकोस.

आहे तशी सांभाळून घे.

तुझी,
नंदिनी


भवानीनगर, १४ मार्च

चि. नंदिनीस,
अ. आ.

राग नाही. पण काही गोष्टी विचारायच्या नसतात, आणि हे तुला तुझ्या कॉलेजात शिकवलेलं दिसत नाही.

ते दृश्य काढा. कारण म्हणून 'लेखिकेची इच्छा' असं लिहा. मी खाली सही करते. पस्तीस वर्षांत एवढी एकच गोष्ट मागितली आहे. ट्रेलरही थांबव.

तुझ्यावर माया आहेच, ती मला वेगळी लिहावी लागू नये.

आत्या


बारामती, ३१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ट्रेलर थांबला नाही. 'लेखिकेची इच्छा' हे कारण कंपनीच्या वकिलांनी मान्य केलं नाही. मी दोनदा विचारलं.

काल पाडव्याच्या सकाळी तो आला. एक मिनिट वीस सेकंदांचा आहे. बकुळा घंगाळात उभी राहते ते दृश्य नऊ सेकंद आहे. संध्याकाळपर्यंत लोकांनी ती नऊ सेकंद कापून वेगळी केली आणि गाण्यासकट फोनवर लावायला सुरुवात केली. आमच्या ऑफिसात पेढे वाटले. विजयदादाने मला सोनमचा आवाज पाठवला आहे. ती म्हणते, आत्या, तुझं पाणी लई भारी, आमच्या वर्गात सगळ्यांनी बघितलं.

कालव्याला उन्हाळी आवर्तन १२ एप्रिलला सुटणार, असं आज वर्तमानपत्रात वाचलं. शाळा आता सकाळच्या असतील. मुलं दुपारी मोकळी असतात.

हे दोन मुद्दे मी शेजारी शेजारी का लिहिले ते तुला कळलं असेल. तुला जे माहीत आहे ते सांग. दहा तारखेला दहा दिवस आहेत.

तुझी,
नंदिनी


भवानीनगर, २ एप्रिल

चि. नंदिनीस,
अ. उ. आशीर्वाद.

काल दुपारी कालव्याचे पाटकरी दादासो घरी आले होते. पाणी सोडायचं, बंद करायचं काम त्यांच्याकडं असतं. चहा पिताना हसत हसत म्हणाले, तुमची नात लई हुशार हाय बाई. तिघी पोरी जनावराच्या पेंडीचा निळा टब घेऊन कालव्याच्या पायऱ्यांवर आल्या होत्या आणि पाणी कधी सुटणार, किती वाजता हितं पोचणार, हे त्यांना विचारून गेल्या. दादासोंनी तारीख सांगितली. सोनमनं ती हातावर पेनानं लिहून घेतली.

मी सोनमला जवळ घेतलं. हात पाहिला. १२ असं लिहिलं होतं. टब कशाला नेला, विचारलं तर म्हणाली, त्यात मावतो का ते बघाया. रागावले नाही. रागावता येईना.

आता लिहिते. एकदाच लिहीन.

भवानीनगरच्या आधी मी चार वर्षं डाळजच्या शाळेत होते. उजनीचं पाणी तिथं शाळेपासून हाकेवर. पुस्तक छापून आलं, मी ते वर्गात वाचून दाखवलं. दर शनिवारी मुलं पुन्हा तेच मागायची. बकुळाला उभी का काढली, ते ऐक. बसवली की घंगाळाच्या काठाआड तिचे हात जात आणि पान मेलेलं दिसे. म्हणून उभी केली. दुसरा काही विचार त्यात नव्हता. पुढं चित्रकलेच्या तासाला मीच सांगितलं की बकुळाच्या जागी स्वतःला काढा.

शालन चौथीत होती. १९९० चा एप्रिल, सकाळची शाळा. दुपारी ती घरचं घंगाळ घेऊन पाण्यावर गेली. सारजानं, तिच्या आईनं, ते घासायला पाठवलं होतं. पोर परत आली नाही. घासताना पाय घसरला असं सगळे म्हणाले, पोलीसपाटलांनीही तसंच लिहिलं. पण घंगाळ काठापासून दहा-बारा हात आत, तळाशी सापडलं होतं. पाय घसरला तर भांडं काठाला राहतं. आत कसं गेलं, हे कुणी विचारलं नाही.

मला विचारायची गरज नव्हती. तिची वही माझ्याकडं तपासायला होती. त्यात ती घंगाळात उभी होती, दोन्ही हात वर, खाली स्वतःचं नाव. वही सारजाला देण्याआधी मी ते पान फाडून घेतलं.

त्या वर्षी बदली मागून घेतली. दुसऱ्या आवृत्तीत मुलीला बसवलं, दोर बांधला. नवं पुस्तक पुन्हा केलं नाही. एकच पुस्तक का, असं लोक विचारतात, तेव्हा मी हसते.

ते पान त्या फडक्यातच होतं. तू पाहिलं असशील.

कारण लिहून देते. पण कंपनीनं वाचण्याआधी सारजानं ऐकलं पाहिजे. ती अजून डाळजलाच राहते. मला थोडे दिवस दे. आणि नंदे, हे वाचून माझ्याशी कसं वागायचं ते तुझं तू ठरव. मायेचा शब्द आज मी तुझ्याकडं मागत नाही.

द्वारका


बारामती, ३ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ते मी दोनदा वाचलं.

वहीचं पान पाहिलं होतं. रेघांची जुनी वही, मेणाचे रंग. तारीख नव्हती, पुस्तकाचा भाग नव्हता, म्हणून मी ते नोंदवलं नाही आणि होतं तसं परत ठेवलं. नाव वाचलं होतं.

आता माझ्याकडचं. मी तुला पहिल्या पत्रात नोंदीसाठी हवं आहे असं लिहिलं. ते खरं नव्हतं.

घंगाळाची मापं मी खरी घेतली होती. सांगवीच्या घरातलं आजीचं घंगाळ मोजलं. तोंड सत्तर सेंटिमीटर, वजन आठ किलो. मुलगी वीस किलोची धरली. संगणकात ती बसवली की घंगाळ डुलतं, पण राहतं. उभी केली की उलटतं. संथ पाण्यात, वाहत्या पाण्यात, हात वर, हात खाली. चौदा वेळा चालवलं, चौदाही वेळा उलटलं. नईम सरांना दाखवलं. ते म्हणाले, नंदिनी, ही गोष्ट आहे, परीक्षा नाही. त्याचं कलणं बंद करून टाक. त्यासाठी संगणकात एका चौकटीतली बरोबरची खूण काढून टाकावी लागते. काढली. घंगाळ सरळ राहिलं आणि मुलगी उभी राहिली. त्या तारखेला माझ्या कामाच्या वहीत मी लिहिलं आहे: 'तोलाचा प्रश्न सोडवला.' १९ फेब्रुवारी.

मग दुसऱ्या आवृत्तीत ती बसलेली दिसली. जे मला संगणकाने दाखवलं ते तुला १९९१ मध्ये कुणी दाखवलं, हा माझा प्रश्न होता. तसा विचारला असता तर मला माझंही सांगावं लागलं असतं. म्हणून नोंद म्हटलं.

तेव्हा कसं वागायचं हे मी तुझ्याबद्दल ठरवू शकत नाही. तुला माहीत नसताना तू तिला उभी केलीस. मला माहीत होतं.

टब कुलपात ठेव. विजयदादाला सगळं सांग. सोनमला एकटी सोडू नकोस. डाळजला मी यायचं का, ते कळव.

तुझी,
नंदिनी


भवानीनगर, ७ एप्रिल

चि. नंदिनीस,
अ. आ.

तू यायची गरज नव्हती. काल एसटीनं भिगवणला उतरले, पुढं रिक्षा केली.

सारजा दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. केस पांढरे झाले आहेत, पण तिनं मला लगेच ओळखलं. बाई आल्या, म्हणून सुनेला हाक मारली, पोतं झटकून अंथरलं. मला बसवेना. उभ्यानंच सगळं सांगितलं. वर्ग, पुस्तक, चित्र, वही, आताची फिल्म, आमच्याकडं बाराला सुटणारं कालव्याचं पाणी. आणि कागद तिच्या हातात दिला.

तिनं तो लांब धरला. सुनेकडून चष्मा मागून घेतला. बराच वेळ पाहून, ह्यात हसतीया व्हय, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग शेंगा फोडत फोडत ती बोलत राहिली, जणू मी तिथं नव्हतेच. नणंदेच्या साखरपुड्याला पाहुणे यायचे होते. भांडी काळी पडली होती. मीच पोरीला घंगाळ घेऊन पाठवलं, दुसरं कुणी पाठवलं नाही, म्हणाली. नवऱ्यानं त्यानंतर मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. सासू पाण्यावर जाताना तिचं तोंड बघायची नाही. तीही स्वतः कुणाच्या बारशाला गेली नाही, गेली तर पाळण्यापासून लांब बसली. पस्तीस वर्षं. हे सगळं तिनं साध्या आवाजात सांगितलं, एखाद्या दुसऱ्या गावच्या बाईबद्दल सांगावं तसं.

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, ह्यो कागद तवाच दिला असता तर मी मानसांत ऱ्हायले असते."

नंदे, मी पान फाडलं तेव्हा मला वाटलं होतं की मी फक्त माझं झाकते आहे.

ती आत गेली ती बाहेर आली नाही. सुनेनं पाणी आणलं, ते माझ्यानं पिववलं नाही. कंपनीला लिहिताना मुलीचं नाव घालू का, असं मी सुनेला विचारायला लावलं. आतून आवाज आला, लिवा. शालन म्हणून लिवा.

सोबत हरकतीचं पत्र आहे. नाव, गाव, साल, सगळं आहे. वहीच्या पानाबद्दलही आहे. एक शब्दही मऊ करू नकोस.

विजयला सांगितलं. तो टब उचलून कारखान्यात ठेवून आला. पण टब काय, घरोघर आहेत.

तुझ्यावर जीव आहे, तो आता फार घाबरलेला आहे.

आत्या


बारामती, ११ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र घेऊन मी स्वतः पुण्याला गेले. नईम सरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि खोलीतून बाहेर गेले. परत आल्यावर त्यांनी कुणाला विचारलं नाही. बकुळा बसणार, दोर बांधला जाणार, आजोबा दोर धरणार. सगळ्या फिल्मभर. पोस्टर बदललं. मला त्यांनी एवढंच म्हटलं की तू चौदा वेळा दाखवलंस, मी पंधराव्यांदा बघायला हवं होतं. मी म्हटलं, मी पंधराव्यांदा दाखवलं नाही.

हा भाग झाला. दुसरा भाग असा. ट्रेलर काढून घेतला आहे, पण काल. मधले अकरा दिवस तो होता. ती कापलेली नऊ सेकंद आता कुणाच्याच ताब्यात नाहीत. मी शोधून बघितलं. एकोणतीस वेगवेगळ्या प्रती सापडल्या, गाणी वेगळी, पाणी माझंच. त्यानंतर मोजणं सोडलं. लोकांच्या फोनमध्ये किती आहेत ते कळायची सोय नाही. त्या परत बोलावता येत नाहीत. हे मी तुला गोड करून सांगू शकत नाही.

एक गोष्ट केली आहे. ती खूण पुन्हा घातली आणि तेच दृश्य, तसंच, चालवलं. घंगाळ उलटतं. मुलगी पाण्याखाली जाते आणि वर येत नाही. गाणं नाही. पेन ड्राइव्ह युनूसभाईंकडे आहे. शाळेत दाखवता आलं तर दाखव. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर तुझं पत्र वाचून दाखव.

उद्या पाणी सुटतं. माझी झोप हल्ली तीन तासांवर आली आहे. कारण तुला माहीत आहे, म्हणून लिहीत नाही.

तुझ्या शेजारी आहे असं समज.

नंदिनी


भवानीनगर, १६ एप्रिल

चि. नंदिनीस,
अ. उ. आशीर्वाद.

पाणी बाराला दुपारी पोचलं. काठोकाठ आहे.

शाळेत त्याच सकाळी दाखवलं. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, चौथीपर्यंतचे सगळे वर्ग एकत्र बसवले. नंदे, घंगाळ उलटलं तेव्हा मुलं हसली. पुन्हा दाखवा म्हणाली. मी उभी राहून शालनचं सांगितलं. चौथीच्या काही मुली गप्प झाल्या, एकीला रडू आलं. बाकीच्यांना ती गोष्टच वाटली. मी त्यांना गोष्टी सांगणारी बाई म्हणूनच माहीत आहे ना. घरी येताना सोनम माझं बोट धरून विचार करत होती. मला वाटलं, लागलं मनाला. मग म्हणाली, "आज्जी, तिनं पाय फाकून उभं राहायचं होतं, मग पडली नसती."

त्या दुपारपासून मी कालव्याच्या पायऱ्यांवर बसते. अकराला शाळा सुटते, तेव्हापासून दिवेलागणीपर्यंत. विजय सुटीच्या दिवशी येतो, बाकी त्याला पाळी आहे. सोनम माझ्या शेजारी बसून अभ्यास करते, करते असं दाखवते. पहिल्या दिवशी चार पोरं घमेलं घेऊन आली, मी हाकललं. दुसऱ्या दिवशी टाकीचं झाकण. मी काठी उगारली तेव्हा पळाली. मला वाटलं, जमलं. मग दादासोंनी सांगितलं की ती पोरं खाली वळणापलीकडच्या घाटावर जातात, तिथं बाई नसते म्हणून.

काल मी तिथं जायला उठले. लांबूनच दिसलं, घाटाच्या वरच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं. हिरवं लुगडं, हातात उसाचं कांडं. सारजा. तिची धाकटी लेक इथं शेजारच्या सणसरला दिली आहे, तिच्याकडं येऊन राहिली आहे. पेपरात नाही, कुणी सांगितलं नाही. माझ्या तोंडून ऐकलं तेवढ्यावर आली. मी जवळ गेले तर तिनं मान वळवली. माझ्याशी ती बोलत नाही, बोलेल असं वाटतही नाही. पोरं म्हणतात, त्या आजी लई खवट हायेत, पाण्याला पाय लावू देत नाहीत. एक पोरगी थर्मोकोलचं मासळीचं खोकं घेऊन आली होती. सारजानं ते तिच्या हातातून घेऊन फोडलं आणि तुकडे पदरात भरून बसली.

आज सकाळी मी पूर्ण कालवा चालून आले. वरच्या पायऱ्यांवर मी असते, खालच्या घाटावर सारजा. मधे वळण आहे. वळणावर बैलं धुवायचा जुना उतार आहे. तो मलाही दिसत नाही आणि तिलाही दिसत नाही. तिथल्या चिखलात लहान पावलं होती, ताजी, पाण्याकडं गेलेली. परतीची मी शोधली. उतारावर सापडली नाहीत, पुढं बांधावर सापडली.

पाणी अजून तेवीस दिवस आहे. बाकीचं, मायेबियेचं, नंतर लिहीन. पत्र वाचलंस की युनूसभाईंच्याच गाडीत बस आणि ये.

आत्या